बाबांच्या वाट्याचं पाणी

मी ब्रदर आहे, म्हणजे हॉस्पिटलात नर्सचं काम करणारा पुरुष. बाई असतो तर सिस्टर झालो असतो. लोकांना हे कितीदा समजावलं तरी दुसऱ्या दिवशी ते ‘अहो सिस्टर’ अशीच हाक मारतात आणि मी मुकाट ओ देतो. आजवर मला डॉक्टर, कंपाउंडर, वॉर्डबॉय आणि एकदा लिफ्टमन समजून झालं आहे. लिफ्टमन समजणाऱ्या आजींना मी वर पोचवूनही आलो, कारण वाद घालण्यापेक्षा बटण दाबणं सोपं होतं.

या कामात मी सेवेच्या ओढीने वगैरे आलो, असं कोणी समजू नये. शाळा संपली तेव्हा मला गुण असे पडले होते की ते बाहेर सांगायचे नाहीत, असं घरात ठरलं. एक मित्र नर्सिंगला अर्ज करत होता, त्याला सोबत म्हणून मीही केला. मित्र पहिल्याच महिन्यात पळाला. मी राहिलो, कारण पळून जायचं कुठे हे मला सुचलं नाही. पहिलं मोठं ड्रेसिंग बघताना मी आडवा झालो, आणि ज्याचं ड्रेसिंग चाललं होतं तोच पेशंट माझ्या तोंडावर वर्तमानपत्राने वारा घालत बसला. पुढे मी एवढी प्रगती केली की पडायच्या आधी खाली बसायला शिकलो.

बाबा शिंपी. पुरुषांचे कपडे शिवायचे, कोपऱ्यावर स्वतःचं छोटं दुकान. मी ते पुढे चालवावं अशी त्यांची इच्छा होती. ती मी शिवलेला पहिला शर्ट बघेपर्यंत टिकली. त्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या होत्या. बाबा रागावले नाहीत. त्यांनी तो शर्ट घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाले, “तू शीक काहीतरी.” मी नर्सिंग शिकतो आहे हे कळल्यावर मात्र ते गिऱ्हाइकांसमोर जरा अडखळायला लागले. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की म्हणायचे, “हॉस्पिटलात असतो.” त्यावर समोरचा हळहळून विचारायचा, “अरेरे, कधीपासून?”

पण आमच्या हाडांच्या वॉर्डात मी म्हणजे बडं प्रस्थ. माझी ख्याती तोंडाची. पेशंटशी कसं गोड बोलावं, त्याला हसवत-खेळवत कसं ठेवावं, हे माझ्याकडून शिकावं असं माझं मत होतं आणि मी ते लपवून ठेवलं नव्हतं. नवे शिकाऊ नर्स आले की मी त्यांना न मागता त्यावर भाषण द्यायचो. “चला, आता आपण कूस बदलूया” हे माझं पेटंट वाक्य. त्यातलं ‘आपण’ फार महत्त्वाचं, असं मी पोरांना सांगायचो. पेशंटला एकटं वाटत नाही. बायकोला एकदा ताप आला होता तेव्हा मी घरीही म्हणालो, “चला, आता आपण गोळी घेऊया.” ती म्हणाली, “आपण नाही, मी घेते. तुम्ही ड्यूटीवर जा.” तापात माणूस चिडचिडा होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

एका वर्षी हॉस्पिटलने मला सर्वांत प्रेमळ परिचारक म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आठवड्याभरात बंद पडलं. मी ते तसंच लावून ठेवलं आहे, कारण खाली माझं नाव कोरलेलं आहे आणि नाव काही बंद पडलेलं नाही.

वॉर्डात माझ्या या कौतुकाला दोन अपवाद होते. एक आमच्या इन्चार्ज बाई. वय निवृत्तीकडे झुकलेलं, बोलणं मोजकं, नजर मात्र घारीची. बाई माझ्याबद्दल एवढंच म्हणायच्या की भूल देणाऱ्या डॉक्टरांची रजा असेल त्या दिवशी याला पाठवत जा. दुसरा अपवाद म्हणजे माझ्यासोबतचा दुसरा ब्रदर. माझ्यापेक्षा बराच तरुण, आणि अख्ख्या ड्यूटीत पाच वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी. मी त्याचं नाव मुखस्तंभ ठेवलं होतं आणि ते वॉर्डभर रुजलंही होतं. त्याचं काम चोख, पण चेहरा कसा, तर बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाचा. याला प्रेम शिकवावं कसं, याची मी मनापासून काळजी करायचो. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मला येत होती. ती माझ्यावर लिहिली आहे हे माहीत नव्हतं.

मग बाबा पडले. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. आई जाऊन काही वर्षं झाली होती, दुकान आणि मशीन हाच बाबांचा संसार उरला होता. आमच्या वॉर्डात त्यांना खाट मिळाली, पायाला वजन लावलं गेलं आणि ठरलं की चार-पाच दिवसांत ऑपरेशन करायचं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तेच सांगितलं जे मी स्वतः इतर नातेवाइकांना सांगत आलो होतो. या वयात खुबा मोडला की माणसाला लवकर उभं करावं लागतं. पडून राहिला की छाती भरते, पाठ सोलवटते, आणि मग तो बहुधा उठतच नाही.

आता आमच्या वॉर्डात एक रिवाज आहे. आपल्या माणसाचं आपण करायचं नाही. आपलं माणूस समोर असलं की नजर चुकते, जे दिसायला हवं ते दिसत नाही. कोणाचे वडील, कोणाची बहीण दाखल झाली की त्यांचं काम दुसऱ्याकडे जातं आणि आपण भेटीच्या वेळी नातेवाईक म्हणून यायचं. हा रिवाज मी शिकाऊ पोरांना उदाहरणं देऊन समजावत असे. पण स्वतःचे वडील आले आणि मी बाईंसमोर उभा राहून भांडलो. म्हणालो, माझ्याइतकं प्रेमाने दुसरं कोण करणार? बाई म्हणाल्या, “बरं. बघू.”

मी सगळ्यांना बजावून ठेवलं. झाडलोट करणाऱ्या मावशींना, रात्रपाळीच्या सिस्टरना, मुखस्तंभाला: बाबांना काहीही लागलं तरी हात लावायचा नाही, मीच करणार. सकाळची ड्यूटी संपली तरी मी घरी जायचो नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्या खाटेभोवती घिरट्या घालायचो. रात्री नाइलाजाने जायचो, तेही पहाटे येतोच म्हणून सांगून. सगळे म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी “छे, काय त्यात” म्हणायचो आणि ते पुन्हा कधी म्हणतात याची वाट बघायचो.

बाबांचा एक पाय वजनाला बांधलेला, त्यामुळे लघवीचं भांडं काय किंवा बेडपॅन काय, दुसऱ्याने देणं आलंच. नळी घालू या म्हटलं तर त्यांनी साफ नाही सांगितलं. तर मी पडदा ओढायचो आणि सुरू व्हायचो: “चला बाबा, आता आपण कंबर उचलूया. एक, दोन आणि वा, काय झकास उचलली. आता निवांत. घाई नाही. राजासारखं बसायचं.” मग आणखी एखादा विनोद. पलीकडच्या खाटांवरचे लोक हसायचे. बाबा डोळे मिटून तोंड भिंतीकडे करायचे. मला वाटायचं, मुलाच्या सेवेने कृतार्थ झालेत.

शेजारच्या खाटेवर एका खानावळीतले आचारी होते. नडगीचं हाड मोडलेलं, शरीराने आडदांड, स्वभावाने लोण्यासारखे. दोन खाटांच्या मध्ये एकच छोटं कपाट होतं, त्यावर दोघांचे पाण्याचे जग. पहिल्या दिवशीच बाबांची आणि त्यांची गट्टी जमली. बाबांनी त्यांना डॉक्टरांच्या कोटांचे खांदे कसे चुकलेत ते दाखवलं, त्यांनी बाबांना हॉस्पिटलच्या आमटीत काय कमी आहे ते सांगितलं. वेळ बरा चालला होता.

दोन-तीन दिवसांनी आचाऱ्यांना लघवीला फार होऊ लागली. एकदा भांडं देऊन मी वळतो न वळतो तोच दुसरी हाक. डॉक्टरांनी साखर तपासायला सांगितली. नॉर्मल आली. त्यांनी पुन्हा तपासायला सांगितली. आचारी घाबरले. माझा हात धरून म्हणाले, “ब्रदर, खरं सांगा, मला शुगर आहे ना?” अशा प्रसंगासाठीच तर माझा जन्म होता. मी त्यांच्या खाटेवर बसलो, हात हातात घेतला आणि मधुमेह असूनही माणूस किती आनंदात जगू शकतो यावर असं काही बोललो की आचारी रडले, त्यांना भेटायला आलेली बहीण रडली, आणि माझाही आवाज जड झाला. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुसरा रिपोर्टही नॉर्मल आला. मी म्हणालो, सुरुवातीला असं होतं.

इकडे बाबांचा जग रोज रिकामा व्हायचा आणि मी समाधानाने तो भरून ठेवायचो. लघवी मात्र फारच कमी, तीही गडद. हे दुसऱ्या कोणाचं असतं तर मी तास-दोन तासांत पकडलं असतं. स्वतःच्या बापाच्या बाबतीत मी म्हणालो, उकाडा आहे, घामावाटे जात असेल. पंखा बाबांच्या डोक्यावरच होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रक्ताच्या तपासण्या आल्या. मूत्रपिंडाचा आकडा वाढला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी कागद बघून मान हलवली. अंगात पाणीच नाही, म्हणाले, या स्थितीत भूल देणार नाही. ऑपरेशन पुढे गेलं. सलाइन लावलं, पण हृदय जुनं असल्याने तेही जपून. पाणी तोंडाने पोटात गेलं पाहिजे, असं त्यांनी मला बजावलं. मी छाती पुढे काढून सांगितलं की रोज अख्खा जग संपतो, मी स्वतः भरतो.

बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी बाबांच्या खाटेकडे बघितलं, मग आचाऱ्यांच्या खाटेकडे, मग मधल्या कपाटाकडे. एका खाटेवर दुष्काळ आणि शेजारी महापूर. त्यांनी आचाऱ्यांना अगदी साध्या आवाजात विचारलं, “पाणी कोणाचं पिता?”

आचाऱ्यांनी लगेच कबूल केलं. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? बाबांनी त्यांना सांगितलं होतं की मला पाणी बाधतं, पण मुलगा ऐकत नाही, तेवढं तुम्ही संपवत जा. मी पाठ फिरवली की पेला इकडून तिकडे जायचा. वाया घालवणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं, म्हणून ते घशाखाली घालत होते. आपल्याला साखर नाही हे कळून त्यांना इतका आनंद झाला की मी दिलेल्या भाषणाबद्दल त्यांनी मला माफ केलं. त्यांच्या बहिणीने केलं नाही.

मी बाबांकडे गेलो. पाणी का पीत नाही म्हणून विचारलं. रागावलो, मग समजावलं, मग उभ्या-उभ्या मूत्रपिंडाचं कार्य शिकवलं. बाबा म्हणाले, “तहान नाही.” त्यांचे ओठ फुटले होते.

बाईंनी मला कोपऱ्यात नेलं. “पाणी टाळणारा माणूस पाणी टाळत नसतो,” त्या म्हणाल्या. “बेडपॅन टाळत असतो. इथे कोणाची तरी त्यांना धास्ती आहे. कोणाची ते शोध. दोन-तीन दिवसांत आकडा खाली आला नाही तर पुढचं तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. आणि अशा वेळी शहाणा माणूस जे करणार नाही ते सगळं मी केलं. आधी मावशींना धरलं. त्यांचा आवाज मोठा, बाबांवर ओरडल्या असतील. मावशी म्हणाल्या, त्यांच्या खाटेखाली झाडायलाही तुम्ही मला येऊ देत नाही. मग रात्रपाळीच्या सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, आजोबा रात्री एकदाही हाक मारत नाहीत, मारली तरी तुम्हाला फोन लावायची तुमचीच आज्ञा आहे. राहता राहिला मुखस्तंभ. माझी खात्रीच पटली. मी त्याला औषधांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून त्याची चांगली हजेरी घेतली. म्हातारी माणसं किती हळवी असतात, तुझ्यासारख्या दगडी चेहऱ्याने त्यांना किती परकं वाटतं, दोन शब्द गोड बोललास तर तुझ्या खिशातलं काय जाईल, असं बरंच काही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी त्यांच्याजवळ गेलेलोच नाही. तुम्हीच सांगितलं होतं.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या खोलीत मी, तो आणि औषधाच्या बाटल्या होतो, आणि बाटल्यांना कोणी घाबरत नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, छे, तुम्हाला कोण घाबरेल? ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमच्या त्या ‘चला आपण’नंतर मलासुद्धा तापात बाथरूमला जायची लाज वाटली होती. मी तुम्ही बाहेर जायची वाट बघत होते.” मी जेवलो नाही. तिने आग्रहही केला नाही, पण उशिरा बाहेर येऊन शेजारी बसली. मी तिला म्हटलं, बाबा उठले नाहीत तर ते माझ्यामुळे. ती म्हणाली, मग उद्यापासून बाजूला व्हा.

बाई तर आधीच ठरवून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी वरच्या मजल्यावर लागली आणि बाबांचं काम मुखस्तंभाकडे गेलं. मी भेटीच्या वेळी नातेवाईक म्हणून यायचं. नातेवाईक होणं इतकं अवघड असेल याची मला कल्पना नव्हती. ज्या दारातून मी लोकांना हुसकावत असे त्याच दाराबाहेर बाकावर बसावं लागलं. रखवालदाराने वेळ झाली नाही म्हणून मला अडवलं तेव्हा मी त्याला ओळख दाखवली. तो म्हणाला, ओळखतो की, तुम्हीच तर नियम शिकवलात.

आणि बाबा पाणी पिऊ लागले. पहिल्या दिवशी अर्धा जग, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा आकडा खाली सरकू लागला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्या आनंदात एक मोठा काटा होता हे कबूल करतो. माझा जळफळाट होत होता. बक्षीस मला, घड्याळ मला, आणि माझा बाप पाणी पितो त्या मुखस्तंभाच्या भरवशावर. मी त्याला जिन्यात गाठून विचारलं की तू त्यांच्याशी बोलतोस तरी काय? तो म्हणाला, “काही नाही. उचला म्हणतो, ते उचलतात. झालं की हाक मारतात.”

तिसऱ्या दिवशी मी बाकावर बसलो होतो तेव्हा बाई स्वतः बाहेर आल्या. मुखस्तंभाच्या घरी काही अडचण निघाली होती, तो आला नव्हता. बाबांनी सकाळपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं. मावशींना नको म्हणाले, दुसऱ्या सिस्टरनाही नको म्हणाले. संध्याकाळी रक्त तपासायला जाणार होतं, आकडा ठीक आला तर उद्या ऑपरेशन, नाही तर पुन्हा लांबणीवर. आणि बाबांना आता थोडा खोकलाही होऊ लागला होता. हाडांच्या वॉर्डात त्या खोकल्याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

“तू जा,” बाई म्हणाल्या. मी रिवाजाची आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, “रिवाज मला शिकवू नकोस. जा. आणि तोंड बंद ठेव.”

मी आत गेलो. बाबांनी माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं. “तो कुठाय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आज येणार नाही. बाबा छताकडे बघू लागले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पोट तटतटलेलं दिसत होतं. किती वेळ धरून ठेवलं होतं कोण जाणे. मला बोलण्याची इतकी सवय की ओठ आपोआप हलत होते. ‘चला बाबा’ दोनदा जिभेवर आलं आणि दोन्हीदा मी ते गिळलं. शेवटी बाबाच म्हणाले, “घे मग.”

मी पडदा ओढला. भांडं दिलं, बेडपॅन सरकवला, उचला म्हणालो, त्यांनी उचललं. यावेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत की तोंडही फिरवलं नाही. सगळा वेळ ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, बारीक नजरेने, शिवलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघावं तसे. मी माझं काम करत राहिलो. पुसलं, पावडर लावली, चादर ताणली, भांडी नेऊन धुतली, हात धुतले, परत आलो. बाबा अजून बघतच होते.

“तुला काही वाटत नाही?” त्यांनी विचारलं.

“कशाचं?”

“याचं. घाणीचं.”

मी खरोखर विचार करून पाहिला. “नाही,” म्हणालो. यापुढे काहीतरी छान जोडावं असं मला वाटलं, पण काही सुचलं नाही.

बाबा मग हळू आवाजात, शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही असं बोलले. “माझे वडील शेवटी अंथरुणाला खिळले होते. तू पाळण्यात होतास. त्यांचं मी करायचो. तोंडाने कधी काही बोललो नाही, पण माझं तोंड कसं व्हायचं ते त्यांनी पाहिलं असणार. नंतर नंतर ते पाणी मागेनासे झाले. आम्ही म्हणालो, तहान गेली म्हाताऱ्याची.” त्यांनी चादरीची शिवण बोटाने चाचपली. “तू इतका हसत होतास रे. मला वाटलं, हा लपवतोय.”

“आणि आज?”

“आज नीट बघितलं. काहीच नव्हतं तुझ्या तोंडावर.”

माझ्या चेहऱ्याबद्दल आजवर लोक बरंच काही बोललेत. पण त्यावर काहीच नाही, हे इतक्या कौतुकाने कोणी म्हणालं नव्हतं. आणि त्यात माझं कर्तृत्व तरी काय? इतक्या वर्षांत इतक्या माणसांचं केलं की ते काम मला चादर बदलण्याइतकं साधं होऊन गेलं होतं. जे खरंच माझ्याजवळ होतं त्याच्यावर मी रोज हसण्याचा आणि बडबडीचा थर चढवून ते झाकत आलो होतो, आणि माझे बाबा त्या थरापलीकडे स्वतःचंच तेव्हाचं तोंड बघत तहानलेले पडले होते. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यावर मला बोलावंसंही वाटलं नाही.

बाबांनी कपाटावरचा पेला उचलून माझ्यापुढे धरला. मी भरला. त्यांनी तो एका दमात संपवला, हनुवटीवर ओघळलेलं मनगटाने पुसलं आणि पेला पुन्हा पुढे केला.

“अजून भर,” ते म्हणाले. “आणि इथेच थांब. पुन्हा लागेल.”